उलंगवाडीनंतर : वर्धा जिल्ह्यातील बेकारीचा इतिहास

बेकारीचे प्रकार अर्थशास्त्राच्या पुस्तकात एकाखाली एक मांडलेले असतात : हंगामी, छुपी, तांत्रिक, संरचनात्मक, चक्रीय, घर्षणात्मक, सुशिक्षित. वर्धा जिल्ह्यात हे प्रकार गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत वेगवेगळ्या वेळी आले, आणि नवा आला म्हणून जुना गेला असे क्वचितच घडले. ते एकमेकांवर साचत गेले. त्यांच्या मुळाचा शोध घेतला तर बहुतेक वेळा हात एकाच पिकाला लागतो, तो म्हणजे कापूस. कापसाने या भागाला पैसा, रेल्वे, गिरण्या आणि बाजारपेठा दिल्या. गावाचे कामाचे वर्षही त्यानेच आखून दिले, आणि त्या वर्षात रिकामे महिने कुठे पडतील हेही त्यानेच ठरवले.

काम करण्याची ताकद आहे, चालू मजुरीवर राबायची तयारी आहे, तरीही काम मिळत नाही, अशी अवस्था म्हणजे बेकारी. ही व्याख्या कारखान्याच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाला नेमकी लागू पडते. काळ्या मातीच्या कोरडवाहू मुलखात मात्र ती लगेच अडखळते, कारण इथे तोच माणूस नोव्हेंबरात दिवसभर वाकलेला असतो आणि एप्रिलात पारावर बसलेला असतो.

वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला. मुख्यालय आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होते; १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी नवे वर्धा शहर आखले गेले. आज जिल्ह्यात आठ तालुके आहेत. आर्वी, आष्टी आणि कारंजा हा भाग बराचसा डोंगराळ व हलक्या जमिनीचा. हिंगणघाट, समुद्रपूर, देवळीकडची जमीन सपाट, खोल आणि काळी. ओलिताची सोय पूर्वी विहिरीपुरतीच होती. बोर नदीवरचे धरण आणि निम्न वर्धा प्रकल्प ही स्वातंत्र्यानंतरची कामे, तीही जिल्ह्याच्या थोड्या भागाला पाणी देणारी. म्हणून शेतीतले काम पावसाच्या मागे धावते.

कपाशीचे वर्ष मृगाच्या पावसाने सुरू होते. लावणी झाली की डवरणी आणि निंदण यांचे फेरे सुरू होतात. निंदण हे बायकांचे काम, आणि पाऊस लांबला की ते वाढत जाते. पोळ्यानंतर काही दिवस मोकळे जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास पहिली बोंडे फुटतात, सीतादहीचा विधी करून वेचणीला हात लागतो, आणि मग दोन-तीन महिने गावात रिकामा माणूस शोधून सापडत नाही. वेचे संपत आले की उलंगवाडी होते, म्हणजे कापसाचा हंगाम आटोपतो. पऱ्हाटी उपटून वावर वखरून ठेवले की पुढच्या मृगापर्यंत कोरडवाहू शेतकऱ्याकडे मजुराला देण्याजोगे फारसे काम उरत नाही. फाल्गुन ते ज्येष्ठ हे चार महिने म्हणजे हंगामी बेकारीचे क्षेत्र. सालदाराला ती झळ कमी बसे, कारण त्याचा करार पाडव्यापासून पाडव्यापर्यंतचा. धान्य आणि ठरलेली रक्कम यांवर त्याचे वर्ष निघे. रोजंदाराला तेवढाही आधार नव्हता.

एकोणिसाव्या शतकात हे वर्ष इतके एकांगी नव्हते. रब्बीत गहू आणि जवस यांचा पेरा मोठा होता, त्यामुळे फाल्गुनापर्यंत कापणी-मळणीचे काम चाले. १८९० च्या दशकातल्या लागोपाठच्या वाईट हंगामांनी गहू बसला आणि त्याची जागा कापूस-ज्वारीने घेतली. पीकबदलाचा हिशेब सहसा उत्पन्नात मांडतात. तो मजुरीच्या दिवसांत मांडला तर वेगळे चित्र दिसते. रब्बी आटली तशी रिकाम्या महिन्यांची लांबी वाढली.

शेतीबाहेरचे जे काम पूर्वी हे महिने भरून काढत असे, तेही त्याच सुमारास गेले. इथून संरचनात्मक आणि तांत्रिक बेकारीची गोष्ट सुरू होते.

रेल्वेपूर्वी हिंगणघाट भागातला कापूस बैलांच्या पाठीवर लादून गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई. हा व्यापार बंजाऱ्यांच्या तांड्यांच्या जिवावर चाले. परतताना ते मीठ आणि इतर माल आणत. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे पुलगाव, वर्धा मार्गे नागपूरला पोहोचली आणि पुढच्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाट व वरोऱ्याकडे फाटा गेला. लांब पल्ल्याची वाहतूक तांड्यांच्या हातून गेली. काही बंजारे शेतीकडे वळले, काही गुरांच्या व्यापारात गेले; आणि धंदा गमावलेल्या भटक्या जमातींकडे सरकार संशयाने पाहू लागले. भटक्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवणारा कायदा १८७१ सालचा आहे. अर्थव्यवस्थेची घडणच बदलल्याने एखादा धंदा कायमचा नाहीसा होणे यालाच संरचनात्मक बेकारी म्हणतात. रेल्वेने स्टेशनांवर हमाली, बंडीवाल्यांना छोट्या पल्ल्याचे भाडे आणि दलालांना अडत दिली. मात्र ही कामे ज्यांना मिळाली ते बहुधा तांड्यातले लोक नव्हते. गेलेले आणि आलेले रोजगार एकाच स्तंभात मांडून वजाबाकी करणाऱ्या आकडेवारीत ही गोष्ट दिसत नाही.

विणकर आणि सूत कातणाऱ्या बायकांचे प्रकरण याहून स्पष्ट आहे, कारण तिथे हेतू लिहून ठेवलेला आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि भारतीय कापसाचे भाव गगनाला भिडले. त्यानंतर मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी कापूस आयुक्त नेमण्यात आले. हॅरी रिव्हेट-कार्नाक हे ते अधिकारी. रेल्वेचा फाटा आला तर विलायती कापड देशी कापडापेक्षा स्वस्तात विकता येईल, त्यामुळे घरी सूत होणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल आणि कताई-विणाईत गुंतलेली माणसे शेतमजुरीला मिळून पडीक जमीन लागवडीखाली येईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. लोकांचा धंदा बुडेल ही गोष्ट भीती म्हणून नव्हे, फायदा म्हणून मांडलेली आहे. बेकारी सहसा धोरणाचा अनपेक्षित परिणाम मानली जाते. इथे ती धोरणाच्या जमेच्या बाजूला लिहिली गेली.

जाडेभरडे कापड विणणाऱ्यांत नागपूर-वर्धा भागात महार समाजाचे विणकर मोठ्या संख्येने होते. कोष्टी त्याहून तलम काम करीत. सूत कातणे हे मात्र कोणत्या एका जातीचे काम नव्हते, ते घरोघरच्या बायकांचे होते. सरकी काढण्याचा हातरेचाही घरातच चाले. वाफेवरच्या जिनिंगने रेचा थांबवला, गिरणीच्या सुताने चरखा थांबवला. या बायकांना कोणी बेकार म्हटले नाही, कारण त्यांना कोणी आधी कामगारच म्हटले नव्हते. उन्हाळ्याचे चार महिने ज्या कामाने भरले जात, ते काम असे शांतपणे निघून गेले, आणि हंगामी बेकारीला तांत्रिक बेकारीची जोड मिळाली.

युद्ध संपले आणि कापसाचे भाव कोसळले. चक्रीय बेकारीचा हा जिल्ह्यातला पहिला मोठा धडा. व्यापारचक्राची तेजी-मंदी ही औद्योगिक देशांची बाब समजली जाते, पण एका निर्यात पिकावर उभा असलेला मुलूख त्या चक्राला तितकाच बांधलेला असतो. तेजीत कर्ज काढून जमीन लागवडीखाली आणायची, मंदीत तीच सावकाराकडे जायची, आणि मालक असलेला माणूस मजुरांच्या रांगेत उभा राहायचा, असा हा क्रम. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत तो पुन्हा दिसला. लिव्हरपूल आणि मुंबईतले भाव पडले की हिंगणघाटच्या बाजारातले पडत, आणि मजूर लावून निंदण करून घेणारा कास्तकार घरच्या माणसांवर काम उरकू लागे.

दुष्काळाने आणलेल्या बेकारीला पाठ्यपुस्तकात वेगळे नाव नाही, वास्तविक ते असायला हवे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत मध्य प्रांत होरपळला. वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ मध्ये चार लाखांच्या किंचित वर होती, ती १९०१ च्या शिरगणतीत सुमारे ३ लाख ८५ हजारांवर आली. दुष्काळ संहितेप्रमाणे सरकारने कामे काढली : रस्ते, तलाव, गिट्टी फोडणे. मजुरी मुद्दाम पोटापुरती ठेवलेली असे आणि कामही कष्टाचे, म्हणजे खरोखर गरजू तेवढाच येईल. या तत्त्वाला ‘कसोटी’ म्हणत. ते निर्दय होते. तरीही मजुरी गेली की भूक येते आणि म्हणून सरकारने काम काढायचे, ही कल्पना त्यातूनच रुजली. पुढे रोजगार हमीने हीच कल्पना उचलून तिला हक्काचे रूप दिले.

दुष्काळाच्या आगेमागे जिल्ह्यात कारखानदारी उभी राहत होती. नागपूरला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली होती. त्यानंतर हिंगणघाटला बन्सीलाल अबीरचंद आणि मोहता यांच्या गिरण्या आल्या, पुलगावलाही गिरणी निघाली. हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, वर्धा इथे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने दाटीने उभे राहिले. कापूस आयुक्तांनी शेतमजुरीकडे ढकललेले विणकर आणि त्यांची मुले यांपैकी काहींना गिरणीत पुन्हा सुताशी संबंधित काम मिळाले, आता पगारावर आणि भोंग्यावर.

गिरणी बारमाही होती. जिनिंग मात्र कापसाच्याच हंगामाला बांधलेले होते. कापूस येऊ लागला की चालू, संपला की बंद. त्यामुळे जिनात मिळालेला रोजगार शेतीतले रिकामे महिने भरून काढू शकला नाही. उलट वेचणी आणि जिनिंग यांची माणसांची गरज एकाच वेळी निघे आणि एकाच सुमारास संपे. हिवाळ्यात माणूस मिळेना आणि उन्हाळ्यात काम मिळेना, ही जिल्ह्याची जुनी तक्रार इथे पक्की झाली. कायद्यानेही हंगामी कारखाना हा वेगळा वर्ग मानला. १९३४ च्या कारखाना कायद्यात बारमाही कारखान्यातल्या प्रौढ कामगाराला दिवसाला १० तास आणि आठवड्याला ५४ तासांची मर्यादा होती. हंगामी कारखान्याला ११ आणि ६० तासांची सूट मिळाली. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने हंगामी कारखाने वगळले, आणि त्यांच्या यादीत कापसाचे जिनिंग नावानिशी होते. थोडक्यात, ज्याला वर्षाचे काही महिनेच काम, त्याच्याकडून त्या महिन्यांत जास्त तास घ्यायचे आणि आजारपणाचे संरक्षण मात्र द्यायचे नाही.

अशा जिल्ह्यात १९३० च्या दशकात बेकारीवरचा देशातला सर्वांत धाडसी प्रयोग झाला, हा योगायोग म्हणता येईल. पण प्रयोगाला जागा मात्र नेमकी मिळाली. गांधीजींचे निकटवर्ती उद्योगपती जमनालाल बजाज वर्ध्याचे. त्यांच्या आग्रहावरून विनोबा १९२१ मध्ये इथे गांधीजींच्या आश्रमाची शाखा चालवायला आले होते. गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्याला आले आणि १९३६ मध्ये शेगावला राहायला गेले. या खेड्याचे नाव पुढे सेवाग्राम झाले. अखिल भारत ग्रामोद्योग संघ डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्याला स्थापन झाला. बजाजांनी दिलेल्या बागेतल्या वास्तूला मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ मगनवाडी म्हणू लागले, आणि संघाचे काम तिथून चालू लागले. चिटणीस होते जे. सी. कुमारप्पा, हिशेबतपासनीसाचा व्यवसाय सोडून आलेले अर्थशास्त्रज्ञ.

या मंडळींचे निदान साधे होते. शेतकऱ्याला वर्षातले किमान चार महिने सक्तीचे रिकामपण असते. ते महिने भरणारा उद्योग घरात, कमी भांडवलात, उपलब्ध कच्च्या मालावर चालला पाहिजे. चरख्याचा पुरस्कार याच हिशेबातून होता. यंत्राबद्दलची गांधीजींची भूमिकाही बेकारीच्याच संदर्भात नीट समजते : हात कमी आणि काम जास्त असेल तिथे यंत्र योग्य, हात जास्त असतील तिथे घातक. वर्ध्याच्या जिनिंगने आणि गिरणीने घरातला रेचा आणि चरखा घालवल्याला तेव्हा जेमतेम दोन पिढ्या झाल्या होत्या.

मगनवाडीत तेलघाणी, हातकागद, हातसडीचा तांदूळ, मधमाश्या, ताडगूळ यांवर प्रयोग झाले. झवेरभाई पटेल यांनी सुधारलेली बैलघाणी पुढे देशभर गेली. डिसेंबर १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले. वर्ध्याजवळच्या नालवाडीत विनोबांच्या प्रेरणेने ग्रामसेवा मंडळाने खादी आणि चर्मालयाचे काम चालवले. मेलेल्या जनावराच्या कातड्यापासून वहाणेपर्यंतची सगळी प्रक्रिया गावातच व्हावी, हा तिथला विचार. त्याला जातीच्या भिंतीही आडव्या येत होत्या, हे त्या काळात चर्मालयात हात घालणाऱ्यांना चांगले ठाऊक होते.

या प्रयोगाची खरी परीक्षा मजुरीच्या प्रश्नावर झाली. चरख्यावरची कमाई इतकी तुटपुंजी होती की बेकारी जाऊन तिच्या जागी अर्धपोटी काम आले, असा आक्षेप घेता येत होता. गांधीजींनी तो मान्य केला. १९३५ मध्ये खादीचे काम पाहणाऱ्या चरखा संघाने कातणाऱ्यांना जगण्यापुरते वेतन देण्याचे धोरण स्वीकारले. आठ तासांना आठ आणे हा गांधीजींचा पल्ला दूरच राहिला, पण दर वाढले. दर वाढले तशी खादी महाग झाली, खप मर्यादित राहिला, आणि संघ जितक्यांना काम देऊ शकत होता ती संख्या आवळली. कमी मजुरीत जास्त लोकांना काम, की पुरेशा मजुरीत थोड्यांना, हा पेच पुढे प्रत्येक रोजगार योजनेत परत आला, आणि वर्ध्यात तो सरकारी समित्यांच्या कितीतरी आधी उघडपणे चर्चिला गेला. ग्रामोद्योग चळवळीला भाबडी ठरवणारे तिच्या या बाजूकडे सहसा पाहत नाहीत.

गांधीजी शेगावला गेले त्याच १९३६ साली केंब्रिजच्या जोन रॉबिन्सन यांनी ‘छुपी बेकारी’ ही कल्पना मांडली. त्यांच्यासमोर इंग्लंडातले कारखान्यातून काढलेले आणि मिळेल ते किरकोळ काम करणारे लोक होते. युद्धानंतर नर्क्से आणि लुईस यांच्यासारख्या विकासाच्या अर्थशास्त्रज्ञांनी ही कल्पना शेतीप्रधान देशांना लावली : शेतात दिसायला सगळेच राबतात, पण त्यांतले काही जण काढून घेतले तरी उत्पन्न घटत नाही. पाच एकर कोरडवाहू जमिनीवर तीन भावांची कुटुंबे असतील तर काम वाटले जाते, वाढत नाही. शिरगणतीत हे सगळे ‘शेतकरी’ म्हणून नोंदले जातात, आणि जिल्ह्यात बेकारी नाही असे कागदावर दिसते. कुमारप्पांनी मध्य प्रांत सरकारसाठी केलेल्या औद्योगिक पाहणीत खेडोपाडी फिरून जे गोळा केले, त्याला हे नाव नव्हते, वस्तू तीच होती. कापसाच्या मुलखात या कल्पनेला एक मर्यादा मात्र आहे. वेचणीच्या ऐन दिवसांत त्या तिन्ही भावांचे सगळे हात लागतात. जास्तीचा माणूस वर्षभर जास्तीचा नसतो, म्हणून त्याला शहरात पाठवून शेतीचे भले होईल हे गणित इथे सरळ सुटत नाही.

सुशिक्षित बेकारीचा प्रश्नही वर्ध्यात त्याच दशकात ऐरणीवर आला. संयुक्त प्रांतात तेजबहादूर सप्रू यांच्या समितीने १९३५ मध्ये पदवीधरांच्या बेकारीवर अहवाल दिला होता. पुस्तकी शिक्षण घेतलेला तरुण नोकरीशिवाय काही करू शकत नाही ही तक्रार सर्वत्र होती. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सात वर्षांचे मोफत शिक्षण मातृभाषेतून आणि एखाद्या हस्तोद्योगाभोवती, ही ‘वर्धा योजना’ किंवा नई तालीम. गांधीजी या शिक्षणाकडे बेकारीविरुद्धचा एक प्रकारचा विमा म्हणून पाहत. सेवाग्रामला आर्यनायकम दांपत्याने ती प्रत्यक्ष चालवली. स्वातंत्र्यानंतर सरकारांनी तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि व्यवहारात एका टकळीच्या तासापुरते आणून ठेवले. पालकांनीही ती नाकारली, आणि त्यांना दोष देणे कठीण आहे. ज्यांच्या बापजाद्यांना हाताचे कामच वाट्याला आले होते, त्यांना शाळेतून पुन्हा हाताचे काम नको होते. त्यांना कचेरीतली खुर्ची हवी होती.

ती इच्छा पुढच्या काळात संस्थांच्या रूपाने फळली. सेवाग्रामला १९६९ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय आले, १९८० च्या दशकात अभियांत्रिकी महाविद्यालय, नंतर सावंगीचे वैद्यकीय संकुल, १९९७ मध्ये महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठ. जिल्हा शिक्षणाचे केंद्र झाला. पदव्या देणाऱ्या जागा ज्या वेगाने वाढल्या त्या वेगाने पदवीधर घेणाऱ्या जागा वाढल्या नाहीत. भूगावचा पोलाद कारखाना, देवळीची औद्योगिक वसाहत, पुलगावचा दारूगोळा डेपो ही मोजकी नावे सोडली तर तरुणाची वाट बुटीबोरी, नागपूर किंवा पुण्याकडे जाते. एक काम सोडून दुसरे मिळेपर्यंतचा जो काळ जातो त्याला घर्षणात्मक बेकारी म्हणतात, आणि ती निकोप अर्थव्यवस्थेतही असतेच. इथे मात्र स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत काढलेली चार-पाच वर्षेही त्याच नावाखाली खपवली जातात.

रिकाम्या उन्हाळ्यावरचा सरकारी उपाय म्हणजे रोजगार हमी योजना. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला १९६५ मध्ये तिचा पहिला प्रयोग झाला. १९७२ मध्ये ती राज्यभर आली, त्याच वर्षीच्या दुष्काळाने तिला बळ दिले, आणि १९७७ मध्ये झालेला कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला १५ दिवसांत काम, न दिल्यास बेकारभत्ता, आणि खर्चासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर, अशी तिची मांडणी. केंद्राने २००५ मध्ये याच धर्तीवर देशव्यापी कायदा केला. दुष्काळ संहितेत सरकारच्या मर्जीवर असलेले काम आता मजुराच्या मागणीवर आले, हा फरक मोठा होता. मागणीचा अर्ज कोणी घ्यायचा, काम मंजूर कोणी करायचे, मजुरी किती आठवड्यांनी मिळायची, या प्रश्नांवर हा हक्क प्रत्येक तालुक्यात वेगळा ठरला. २०१७ मध्ये आर्वी तालुक्यातल्या काकडदऱ्याने पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा जिंकली. स्पर्धेचे दिवस एप्रिल-मेचे, म्हणजे नेमके उलंगवाडीनंतरचे, आणि काम श्रमदानाचे. जिल्ह्यातल्या रिकाम्या श्रमशक्तीने काय उभे राहू शकते याचा तो पुरावा होता, आणि ती शक्ती उन्हाळ्यात किती सहज उपलब्ध असते याचाही.

बारमाही काम देणाऱ्या गिरण्या मात्र याच काळात विझत गेल्या. जुनी यंत्रे, यंत्रमागाची स्पर्धा, कृत्रिम धागा अशी कारणे देशभर सारखीच होती. १९७४ च्या कायद्याने हिंगणघाटची बन्सीलाल अबीरचंद गिरणी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. महामंडळाच्या बहुतेक जुन्या गिरण्यांप्रमाणे तीही शेवटी थांबली. पुलगावची गिरणीही बंद पडली. चाळिशी ओलांडलेला साचेवाला दुसऱ्या कशातही कुशल नसतो. त्याची मुले नव्या सूतगिरणीत लागू शकत होती, पण तिथे तेवढ्याच चात्यांना पूर्वीच्या मानाने फारच थोडी माणसे लागतात. २००० मध्ये केंद्राने सुरू केलेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानातून जिनिंगचेही आधुनिकीकरण झाले. कापूस रेच्यापर्यंत डोक्यावरून नेणाऱ्या आणि हाताने भरणाऱ्या रेजांची, म्हणजे मजूर बायकांची, जागा नळ्या आणि पट्ट्यांनी घेतली. धूळ कमी झाली, कापूस स्वच्छ झाला, मजुरीचे दिवस गेले.

शेतातला अलीकडचा बदल याहून खोल आहे. १९९० च्या दशकापासून सोयाबीनने ज्वारी मागे सारली आणि कपाशीचाही काही भाग घेतला. हे पीक शंभर-एक दिवसांत मोकळे होते आणि कापणी-मळणीला हार्वेस्टर चालते. बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली. तिचा वेचा वाढला तसे वेचणीचे काम काही काळ वाढलेही. निंदणाचे मात्र उलट झाले. मजुरी वाढत गेली तसा कास्तकार तणनाशकाच्या फवाऱ्याकडे वळला. एक पुरुष पाठीवर पंप घेऊन अर्ध्या दिवसात जे करतो, त्याला पूर्वी बायकांची टोळी लागे. चरखा गेला तेव्हा ज्या घरांतल्या बायकांचे काम गेले, त्याच घरांतल्या बायकांचे श्रावण-भाद्रपदातले कामही अशा रीतीने गेले. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर त्याला पर्याय नव्हता. २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांनी ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली त्यांत वर्धा होता, आणि कापसाच्या उत्पादनखर्चात मजुरी हीच मोठी बाब होती. एकाच्या तोट्याचे कारण हेच दुसऱ्याचे उत्पन्न असल्यावर दोघांचा प्रश्न एका योजनेने सुटत नाही.

वेचणी अजून हातानेच होते. त्या दिवसांत मजूर मिळत नाहीत म्हणून कास्तकार गाडी करून शेजारच्या गावांतून, कधी मध्य प्रदेशातून माणसे आणतो, आणि त्याच गावातला बारावी झालेला मुलगा वेचणीला जात नाही. याला आळस म्हणण्याची पद्धत आहे. दोन-अडीच महिन्यांच्या कामासाठी उरलेल्या वर्षाची जबाबदारी कोणी घेत नाही, हे त्या मुलाने आपल्या घरात पाहिलेले असते.

वर्षातले काही महिनेच काम असलेला माणूस बेकार मोजायचा की नाही, हा वाद देशात बेकारीच्या मोजणीसाठी नेमलेल्या प्रा. दांतवाला समितीपुढे आला. बेकारीचा एकच आकडा देणे भारतासारख्या देशात निरर्थक आहे, असा समितीचा १९७० मधला निष्कर्ष होता. त्यानंतर १९७२-७३ पासून राष्ट्रीय नमुना पाहणीने तीन मापे वापरायला सुरुवात केली : वर्षभराची नेहमीची स्थिती, आठवड्याची स्थिती आणि रोजची स्थिती. ऑगस्टच्या एका आठवड्यात चार दिवस निंदणाला जाऊन तीन दिवस काम शोधत घरी राहिलेली बाई पहिल्या दोन मापांनी कामावर असते आणि तिसऱ्याने जवळपास अर्धी बेकार ठरते. २०१७ पासून होणाऱ्या नियतकालिक श्रमबल पाहणीत जी ठळक टक्केवारी वर्तमानपत्रांत येते ती नेहमीच्या किंवा आठवड्याच्या मापाची असते. जिल्हा हा घटक धरून नमुना निवडण्याची पद्धत या पाहणीत जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाली.